कुमुदताईंचा पुरुष

कुमुदताईंविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगते आणि वाचणाऱ्यांची माफी मागते. मी त्यांच्या नात्यातली नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या उत्तरांखेरीज मी फारसं काही लिहिलेलंही नाही. ज्यांना लिहिता येतं अशा बायका तेव्हा मंगळागौरीच्या त्या हॉलमध्ये होत्या. त्यांच्यातली एक तर मासिकांतून लिहायची. कुणीतरी लिहील म्हणून मी बरीच वर्षं थांबले. कुणी लिहिलं नाही. कुमुदताईंचा विषय निघाला की त्या बायका एक किस्सा सांगतात, हसतात आणि चिवड्याची बशी पुढे करतात. त्या किश्श्यात कुमुदताई दोन मिनिटांत संपतात. मला त्या जास्त वेळ पाहायला मिळाल्या, एवढंच माझ्याजवळ आहे. कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

कारंज्याजवळच्या खेड्यातून मी बी.कॉम.साठी पुण्याला आले, तेव्हा सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघी मुलींनी मिळून खोली घेतली होती. पहिल्या दिवशी पत्र्याची ट्रंक पायऱ्यांवरून ओढत चढत होते. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक उंच, रुंद खांद्यांच्या बाई बाहेर आल्या.

"उचला. ओढू नका. इमारत तुमच्या आधीपासून उभी आहे."

मी घाबरून "हो जी" म्हटलं.

"कुठल्या आपण?"

"कारंज्याच्या जी."

"मग तो 'जी' इथे ठेवा आणि ट्रंकेची एक कडी माझ्याकडे द्या."

ट्रंक वर पोचली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'वऱ्हाड' झाले. काही दिवसांनी 'आपण'चं 'तू' झालं. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय वऱ्हाड, आज कॉलेजला तुझ्याशिवाय करमणार का?"

कुमुदताई एका विमा कंपनीच्या कचेरीत कारकून होत्या. पंचेचाळिशीच्या, लग्न न केलेल्या. त्यांच्याबरोबर मंदाताई राहायच्या. मंदाताई महापालिकेच्या शाळेत गाणं शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, बोलायला अगदी कमी. लग्न झाल्यावर वर्षभरातच नवऱ्याचं घर सोडून आल्या होत्या, ते पुन्हा गेल्या नाहीत. दोघी एकत्र राहतात याचं पेठेला काही वाटत नसे. एकटी बाई दिसली की पेठ चौकशी करते. दोघी दिसल्या की 'एकमेकींना सोबत आहे' म्हणून तिचं समाधान होतं.

साडी कुमुदताईंना कधी शोभली नाही. कचेरीत त्या रोज साडीच नेसून जात, पण निऱ्या कुठेतरी वर, पदर दोरीसारखा. साडीतल्या कुमुदताई सोंग घेतल्यासारख्या दिसायच्या. हे मी तेव्हा मनातही म्हटलं नव्हतं. नंतर त्यांना खरं सोंग घेतलेलं पाहिलं तेव्हा सुचलं.

श्रावणातल्या मंगळवारी नव्या लग्न झालेल्या मुलींची मंगळागौर असते. पूजा झाली की बायकांचे खेळ, गाणी, फुगड्या. आमच्याकडे हे अंगणात होतं. पुण्यात मात्र त्याचे संच होते. बोलावणं आलं की संचातल्या बायका दुपारी हॉलवर जाऊन खेळ करून दाखवायच्या. आमच्या गल्लीतल्या सुलभाकाकूंचा असा एक संच होता. मंदाताई त्यात पेटी वाजवायच्या. एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून कुमुदताईंनी मला नेलं. "खेड्यातली आहे, फुगडीला दमणार नाही," एवढीच त्यांनी माझी ओळख करून दिली.

खेळांच्या मधे सोंगं असायची. कुणी खाष्ट सासू व्हायची, कुणी नवरा. हॉलची दारं आतून लावलेली. पुरुष कुणी नाही, अगदी हॉलचा वॉचमनसुद्धा नाही. त्यामुळे एरवी तोंडातून निघणार नाही असं बरंच काही तिथे मोठ्यांदा बोललं जायचं. आजीच्या वयाच्या बायका ते बोलायच्या आणि सुना डोळे पुसत हसायच्या.

इतर बायका पुरुष व्हायच्या तेव्हा काजळाने मिशी काढत, पोटाला उशी बांधत, घोगरा आवाज लावत. कुमुदताई यातलं काही करत नसत. "मिशी काढली की बायका मिशीला हसतात," त्या म्हणायच्या. "मिशी मला नकोच आहे. मला तो आत बसलाय तो हवाय."

त्यांच्या सोंगाचं नाव होतं 'घरी आलेला'. पांढरा शर्ट, करडी पँट, पट्टा, घड्याळ, बूट. केस मागे घट्ट बांधलेले. कचेरीतून घरी आलेला पुरुष, बाकी काही नाही. त्या यायच्या आणि खुर्चीकडे न बघता खुर्चीवर बसायच्या. "बाई बसायच्या आधी बघते," त्या मला म्हणाल्या होत्या. "पुरुष बघत नाही. खुर्ची असणारच, हे त्याला माहीत असतं." बसल्यावर गुडघे फाकलेले, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर. शेजारच्या खुर्चीवर आमच्यातलीच एखादी मुलगी असायची. ती प्रत्येक वेळी आपोआप अंग चोरून बसायची. समोर कुमुदताई आहेत हे तिला ठाऊक असायचं, तरी.

मग तो पुरुष कपडे उतरवू लागायचा. घड्याळ काढून न बघता हात पुढे करायचा. पहिल्या रांगेतली कुणीतरी ते घ्यायची. पट्टा, बूट, मोजे. मोज्यांच्या वेळी हॉल डोक्यावर घेतला जायचा. मग शर्ट. तो फेकायचा. जिच्या अंगावर पडेल ती बाई तो झेलायची आणि मांडीवर ठेवून त्याची घडी घालायची. तिला कुणी सांगितलेलं नसायचं. अर्धी घडी झाल्यावर आपण काय करतोय हे तिच्या लक्षात यायचं, शेजारणीच्या लक्षात यायचं, आणि मग जे हसू उठायचं तसं हसू मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

एकेका कपड्याबरोबर त्याचा थोडा रुबाब उतरायचा. शेवटी बनियन आणि पँट राहायची. बायको माहेरी गेलेली. तो चहा करायला उठायचा आणि हवेतले डबे उघडून बघत राहायचा. शेवटी बारीक आवाजात विचारायचा, "अगं, साखर कुठंय?" आणि सगळा हॉल एका आवाजात सांगायचा, "डाव्या फळीवर."

तिथे सोंग संपलं असं नवख्या बायकांना वाटायचं. पण कुमुदताई मागे हात नेऊन केस सोडायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. बनियन, पँट, पाठीवर केस. काही करत नसत. हसू हळूहळू विरायचं. ती बाई आहे की पुरुष, हे तेव्हा विचारावंसं वाटत नसे. मंदाताई पेटीवर एकच सूर धरून बसलेल्या असायच्या, तो सोडायच्या, आणि मग टाळ्या.

त्या पँटचीही गोष्ट आहे. कुमुदताई ती शिवायला शिंप्याकडे गेल्या. कुणासाठी म्हणून त्याने विचारलं. भावासाठी. मग भावाला पाठवा, माप घेतो. कुमुदताई म्हणाल्या, "भाऊ माझ्याच मापाचा आहे. घ्या." शिंप्याने टेप काढली. माप लिहून घेताना त्याने सहज विचारलं, भाऊ कुठे असतात. "माझ्याकडेच असतो," त्या म्हणाल्या. "बाहेर फारसा पडत नाही."

रविवारी त्या मला कधीकधी लक्ष्मी रोडला नेत. खरेदीला नाही. साड्यांच्या दुकानांबाहेर नवरे पिशव्या धरून उभे असतात, ते बघायला. आम्ही समोरच्या फुटपाथवर थांबायचो. "तो बघ. दोन्ही हातांत पिशव्या आहेत. आता हात कुठे ठेवायचे त्याला कळत नाही. बघ कसा छोटा झालाय." त्यांच्या बोलण्यात थट्टा असायची, पण तिरस्कार नसायचा. एकदा एका म्हाताऱ्या माणसाने बायकोची पर्स काखेत धरली होती, अगदी सहज. कुमुदताई त्याच्याकडे फार वेळ बघत राहिल्या. "हा मला जमणार नाही," म्हणाल्या. "हा पोचलेला आहे."

मला एक प्रश्न बरेच दिवस विचारायचा होता. एका संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मंदाताई भाजी चिरत होत्या, तेव्हा धीर करून विचारला. ताई, तुम्हाला पुरुष व्हायचं होतं का?

मंदाताईंची सुरी थांबली नाही. कुमुदताई म्हणाल्या,

"नाही गं. पुरुष होऊन मी शर्ट कुणाच्या अंगावर फेकू? साडीतली मी खोटी नाही, आणि पँटमधली खरी नाही. हॉलवर पडद्यामागे कपडे बदलते ना, एक काढलेलं असतं आणि दुसरं घातलेलं नसतं, तेव्हा मला बरं वाटतं. ते बायकांना दाखवता येतं का बघते. वर्षातून चार मंगळवार मिळतात. पुष्कळ झाले."

तेव्हा मला हे नीट कळलं नाही. एवढं कळलं, की ते चार मंगळवार गेले तर या बाईंजवळ आपलं म्हणून उभं राहायला जागा उरणार नाही.

त्याच सुमाराला हिंजवडीला एकामागून एक कंपन्या येत होत्या. आमच्या खोलीतली एक मुलगी तिकडे लागली आणि पहिल्या पगारात मोबाइल घेऊन आली. या कंपन्यांत वर्षातून एकदा सगळे पारंपरिक कपडे घालून यायचे आणि त्या दिवशी कार्यक्रम ठेवायचे. अशाच एका कंपनीने सुलभाकाकूंच्या संचाला बोलावलं. काकू हरखल्या. न्यायला बस येणार होती. फक्त तिथे समोर पुरुषही असणार होते. काकूंनी कुमुदताईंना मिशी लावायला सांगितलं, आणि बनियनपर्यंत जायचं नाही असंही.

कँटीनमधली टेबलं बाजूला सारून जागा केली होती. मुलं-मुली झब्बे आणि नऊवारीत. कुमुदताई मिशी न लावताच आल्या. खुर्चीत बसल्या. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. बूट काढले तेव्हा हसू आलं, पण ते वेगळं होतं. ते त्या पुरुषाला हसत नव्हते, पुरुष झालेल्या बाईला हसत होते. कुमुदताईंनी शर्ट काढला, आत टी-शर्ट होता, आणि शर्ट फेकला. तो पहिल्या रांगेतल्या एका मुलाच्या गुडघ्यावर पडला. त्याने तो झेलला नाही. मित्राकडे बघून हसला आणि पाय हलवला. शर्ट जमिनीवर घसरला.

कुमुदताई तिथपर्यंत चालत गेल्या. शर्ट उचलला, झटकला, अंगात घातला आणि सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत. मग आत निघून गेल्या. मंदाताईंनी पेटीचा भाता बंद केला.

परतीच्या बसमध्ये काकू रागावल्या. असं अर्धवट सोडून यायचं नसतं, म्हणाल्या.

"अर्धवट नव्हतं," कुमुदताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "त्यांचं झालं होतं."

पुढच्या वर्षीपासून 'घरी आलेला' बंद, असं काकूंनी ठरवलं. आणखी कंपन्यांकडून विचारणा होत होती. त्यांना मिशीवाला, नाचणारा नवरा हवा होता, आणि तो करायला एक कॉलेजातली मुलगी तयार होती. काकू वाईट बाई नव्हत्या. संच त्यांनी वीस-पंचवीस वर्षं हाताने सांभाळला होता. कुमुदताई भांडल्या नाहीत. श्रावणाचा शेवटचा मंगळवार बायकांचा होता, त्या दिवशी एकदा करू द्या, एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी ते केलं आणि मला वाटतं इतकं चांगलं आधी कधी केलं नव्हतं. केस सोडून उभ्या राहिल्या तेव्हा पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मग शर्ट खांद्यावर टाकून त्या पेटीजवळ सतरंजीवर येऊन बसल्या.

शेवटी उखाणे असतात. एकेक लग्न झालेली बाई यमकात नवऱ्याचं नाव घेते. सगळ्यांचे झाले. तेव्हा जिची मंगळागौर होती त्या मुलीची आत्या, जिला आमची काही माहिती नव्हती, म्हणाली, "अहो पेटीवाल्या बाई, तुमचं राहिलं."

नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला हे विचारायचं नसतं. आम्ही सगळ्या खाली बघू लागलो. सुलभाकाकू घाईने म्हणाल्या की त्यांना राहू दे, आता आरती घेऊ. पण मंदाताईंनी पट्ट्यांवरून हात उचलले होते. मुलांना सारेगम म्हणून दाखवावं तशा सरळ आवाजात त्या म्हणाल्या,

"उकळत्या चहामध्ये आलं घातलं किसून,
कुमुदचं नाव घेते, तिच्याच शेजारी बसून."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ही तर सोंगातच शिरली." आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास घेतला. सोंगच ते. पँटमधला नवरा शेजारी बसलेला आहे, पेटीवालीने त्याचं नाव घेतलं. बायका हसल्या. आत्या म्हणाली, आता नवऱ्यानेही घ्यायला हवं. कुमुदताईंनी मिशीवर ताव दिल्यासारखं करून काहीतरी चावट बोलायचं, एवढंच राहिलं होतं. सगळं मिटलं असतं.

कुमुदताई म्हणाल्या, "मला यमक जमत नाही."

पेटीकडे वळून म्हणाल्या, "मंदा."

आता कुणी हसलं नाही. काकूंनी आरती सुरू केली. त्या दिवशी पेटी वाजली नाही.

किस्सा सांगतात तो इथपर्यंतचा, आणि तोही 'सोंगातच शिरली' यावर संपवतात. पुढचं सांगत नाहीत.

पुढे असं झालं, की दोघींना संचातून बोलावणं आलं नाही. भांडण नाही, निरोप नाही. पेठ आता दोघी दिसल्या तरी चौकशी करू लागली. घरमालकीणबाई मला जिन्यात थांबवून विचारायच्या, त्यांच्याकडे खाट एकच आहे का. मी म्हणायचे, मला माहीत नाही जी.

मग मंदाताईंचा भाऊ आला. पुण्याजवळच्या मांजरी गावचा. उसाची जमीन होती, तिच्या कडेला नवा बंगला बांधलेला. तो ओरडला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "अक्का, घरी चल. पोरीची सोयरीक ठरायची हाय. पाव्हणं इचारत्यात, आत्या कुणाकडं ऱ्हाती."

मंदाताई कुमुदताईंकडे बघत राहिल्या. पोरीचं लग्न ठरेपर्यंत, असं म्हणून गेल्या. पेटी ठेवून गेल्या. पण लग्न ठरेना, आणि शाळेत सोडायला-आणायला भाऊ आपला मुलगा पाठवू लागला.

कुमुदताई दर रविवारी आपली एम-एटी काढून मांजरीला जायच्या. एकदा मला मागे बसवून नेलं. बंगल्यासमोर विटांचा ढीग होता. त्या गाडी लावून सरळ विटांवर बसल्या. पुरुषासारख्या नाही आणि बाईसारख्याही नाही. वाट पाहणारे बसतात तशा. भाऊ बाहेर आला.

"बाई, कशापायी येता सारखं?"

"चहा प्यायला."

"पुण्यात च्या मिळत न्हाई का?"

"मिळतो. साखर कुठे असते ते मला माहीत नाही."

आत दाराआड मंदाताई हसल्या. तेवढंच हसू ऐकू आलं. भावाला काही कळलं नाही. तो म्हणाला, असं हितं बसू नका, लोकं बघत्यात.

"बघू दे. तिकीट नाही लावलेलं."

मंदाताई चहा घेऊन आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. कुमुदताईंनी तो इतका सावकाश प्यायला की शेवटी गारच झाला असेल. परत निघताना मी विचारलं, ताई, किती दिवस असं येणार.

"रविवार संपेपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि गाडीला किक मारली.

मी त्यांना नीट पाहिलं ते तेवढंच शेवटचं. परीक्षा झाली, नागपूरला नोकरी लागली, पुणे सुटलं. सुरुवातीला त्यांच्या कचेरीत एकदोनदा फोन केला. नंतर कळलं की कंपनीने लवकर निवृत्ती देऊ केली तेव्हा त्यांनी ती घेतली. कुठे गेल्या ते सांगणारं कुणी नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात सुलभाकाकूंचा फोन आला. आवाज थकलेला, पण बोलणं तसंच तुटक. "कुमुद गेली. पावसाळ्यातच. तुला कळवायचं राहिलं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. भाचीचं लग्न झालं. मांजरीची जमीन बिल्डरकडे गेली, तेव्हा मंदाताईंनी भावाकडे आपला वाटा मागितला, आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं, आणि जमिनीऐवजी नव्या इमारतीत एक घर घेतलं. कुमुदताई तिथे राहायला आल्या. भाऊ त्याच इमारतीत, दोन मजले खाली. तो अनेक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. मग कधीतरी संध्याकाळी चहाला येऊ लागला.

काकू शेवटच्या दिवशी तिथे पोचल्या होत्या. कुमुदताईंचे चुलतभाऊ आले होते. पार्किंगमधून गाडीपर्यंत तिरडी न्यायची होती. मंदाताई पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात. बायका खांदा देत नाहीत, असं चुलतभावांपैकी एकाने समजुतीने सांगितलं. पुढच्या बाजूला मंदाताईंचा भाऊ होता. त्याने आपला खांदा काढला.

"अक्काला घ्या पुढं," तो म्हणाला. "तिचं माणूस हाय ते."

कुणी वाद घातला नाही. मंदाताईंनी खांदा दिला. पण त्यांची उंची कमी, तिरडी त्यांच्या बाजूला कलू लागली. काकू म्हणाल्या, मग बाकीचे तिघे पुरुष गुडघ्यात वाकले आणि गाडीपर्यंत तसेच वाकून चालत गेले.